सोर्सकोडवरून सॉफ्टवेअर बनवणं: नवख्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी ऐरोलीत आम्ही काही जण लॅपटॉप घेऊन एकत्र बसतो. ठाणे, कळवा, घणसोली, नेरूळ इथून इंजिनिअरिंगची आणि डिप्लोमाची मुलं येतात, निवृत्त झालेले काका येतात, शाळेत संगणक शिकवणाऱ्या एक ताई येतात. सॉफ्टवेअर आयतं न घेता त्याच्या सोर्सकोडवरून, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुरावरून, आपल्याच मशीनवर तयार करायचं, एवढंच काम. नवीन माणूस आलं की प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

कमांड इथे देवनागरीत, जशा बोलतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणं उबुंटू हे लिनक्स धरून दिली आहेत. डेबियन आणि मिंटवरही तीच चालतील.

आप्ट इन्स्टॉल म्हटलं की सॉफ्टवेअर येतं. मग हा खटाटोप कशाला?

रोजच्या वापराच्या गोष्टी आप्टनेच, म्हणजे उबुंटूच्या तयार सॉफ्टवेअर आणणाऱ्या कमांडनेच, घ्या. त्यांचे सुरक्षेचे अपडेट आपोआप येतात, हा फायदा मोठा आहे. स्वतः बनवलेल्या सॉफ्टवेअरचे अपडेट कोणी आणून देत नाही, ते तुम्हालाच बघावे लागतात.

तरीही कम्पाइल करायची, म्हणजे सोर्सकोडवरून चालणारा प्रोग्राम बनवायची, वेळ येते. हवी ती आवृत्ती अजून उबुंटूत आलेली नसते. किंवा आलेली असते, पण तुम्हाला हवी ती सोय त्यात बंद ठेवलेली असते. एखादं छोटं, उपयोगाचं साधन कोणीच पॅकेज (आप्टने घेता येईल असा तयार गठ्ठा) केलेलं नसतं. आणि कधी तुम्हाला त्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बदलायचं असतं. पहिल्या तिन्ही अडचणींवर दुसरे उपाय निघतात. बदल करायचा असेल तर मात्र सोर्सकोडला पर्याय नाही. आम्ही बसतो ते मुख्यतः त्यासाठी.

मला सी भाषा येत नाही. जमेल का?

जमेल. बनवण्यासाठी कोड लिहावा लागत नाही, एरर वाचावे लागतात. टर्मिनलमध्ये फोल्डर बदलणं, फाइलींची यादी बघणं आणि एखादी टेक्स्ट फाइल उघडणं एवढं आलं तरी पुरे.

कम्पाइल करताना आत नक्की काय होतं?

हे थोडं सविस्तर समजून घ्या, कारण पुढचे निम्मे एरर यातूनच उलगडतात.

सीमधला प्रोग्राम घेऊ. पहिल्यांदा प्रीप्रोसेसर येतो. कोडच्या वर ‘इन्क्लूड’ म्हणून ज्या हेडर फाइली (दुसऱ्या कोडची ओळख करून देणाऱ्या) मागितलेल्या असतात, त्यांचा मजकूर तो आणून तिथे घालतो. मग खरा कंपायलर तो सगळा मजकूर वाचून त्याचं असेम्ब्लीत (मशीनच्या सूचनांच्या जवळच्या भाषेत) रूपांतर करतो. असेम्बलर त्याची ऑब्जेक्ट फाइल बनवतो, तिच्या नावाच्या शेवटी .ओ असतं. शेवटी लिंकर अशा सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि बाहेरच्या लायब्ररी (अनेक प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) जोडून चालणारा प्रोग्राम तयार करतो.

जीसीसी (सीचा कंपायलर) ही एकच कमांड दिली की हे चारही टप्पे पार पडतात, त्यामुळे ते वेगळे आहेत हे लक्षात येत नाही. एरर मात्र एका टप्प्याचा असतो. हेडर सापडली नाही तर प्रीप्रोसेसर थांबतो. कोड चुकीचा असेल तर कंपायलर थांबतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असं आलं तर कोड ठीक आहे, पण लिंकरला एखादी लायब्ररी मिळालेली नाही. गाडी कुठे अडली हे कळलं की शोधायची जागा एकदम आक्रसते.

लायब्ररीबद्दल सगळेच विचारतात. सोसायटीत प्रत्येक फ्लॅटचा वेगळा पंप नसतो, एका पंपाने सगळ्यांच्या टाकीत पाणी चढतं. शेअर्ड लायब्ररी तशी असते: एकच प्रत डिस्कवर असते आणि अनेक प्रोग्राम ती वापरतात. म्हणूनच ती हलली किंवा गेली की एकाच वेळी बरंच काही बंद पडतं.

पहिल्या दिवशी काय काय इन्स्टॉल करू?

सुडो आप्ट अपडेट (सुडो म्हणजे पुढची कमांड मशीनच्या पूर्ण अधिकाराने चालवायची), आणि मग सुडो आप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल. यात जीसीसी, सी++चा कंपायलर, मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर फाइली येतात. सोबत गिट (प्रकल्पाचा सोर्स इतिहासासह उतरवणारं साधन) आणि पीकेजी-कॉन्फिगही (लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं) घ्या. बाकीचं लागेल तसं.

सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरने करावी?

जीएनयू हॅलोने, म्हणजे नमस्कार करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामने. पोरं ब्राउझरने सुरुवात करायला निघतात, तसं करू नका. क्रोमियमच्या बिल्डसाठी त्यांच्याच सूचनांत कमीत कमी ८ जीबी रॅम आणि १०० जीबी मोकळी डिस्क मागितली आहे, आणि १६ जीबीहून जास्त रॅम असावी असा आग्रह आहे. हॅलो मात्र काही मिनिटांत उरकतं, आणि तरीही त्यात मोठ्या प्रकल्पात असतं ते सगळं असतं: कॉन्फिगर, मेकफाइल, चाचण्या, भाषांतरं, मॅन्युअल. शिकवण्यासाठीच ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

जीएनयूच्या संकेतस्थळावरून हॅलोचा टारबॉल उतरवा, म्हणजे .टार.जीझेड नावाची फाइल. ती होम फोल्डरमध्ये ठेवून टार एक्सएफ आणि पुढे फाइलचं नाव, अशी कमांड द्या. तयार झालेल्या फोल्डरमध्ये शिरा. आता घाई न करता रीडमी आणि इन्स्टॉल या दोन फाइली उघडून वाचा. मग:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/.लोकल

यातलं ‘होम’ मोठ्या अक्षरांत. प्रीफिक्स म्हणजे इन्स्टॉल कुठे करायचं ती जागा. स्क्रीनवर ‘चेकिंग फॉर’ने सुरू होणाऱ्या ओळी धावतील. कॉन्फिगर हा एक मोठा शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या कमांडची फाइल, आहे. तुमच्या मशीनवर कोणता कंपायलर आहे, अमुक फंक्शन मिळतं का, तमुक हेडर आहे का, हे तो अगदी छोटे प्रोग्राम खरोखर कम्पाइल करून तपासतो. तपासणी पूर्ण झाली की तुमच्या मशीनपुरती मेकफाइल लिहितो.

मग मेक, ते मेकफाइल वाचून सगळं कम्पाइल करतं. मग मेक चेक, याने चाचण्या चालतात. मग मेक इन्स्टॉल. आता हॅलो असं टाइप केलं की तो तुम्हाला नमस्कार करेल.

इथे थांबू नका, खरी गंमत पुढे आहे. एसआरसी फोल्डरमधली हॅलो.सी ही फाइल उघडा, ‘हॅलो, वर्ल्ड!’ ही अक्षरं शोधा आणि त्यांच्या जागी ‘नमस्कार, ठाणे!’ लिहा. सेव्ह करून पुन्हा मेक द्या. या वेळी सगळं पहिल्यापासून होत नाही. बदललेली एक फाइल कम्पाइल होते, लिंक होते, संपलं. मग मेक चेक पुन्हा चालवा. एक चाचणी नापास होईल, कारण ती इंग्रजी वाक्याची वाट बघत असते. ती नापास व्हायलाच हवी. प्रोग्रामचं वागणं तुम्ही बदललंत आणि चाचणीने ते पकडलं. दुसऱ्या कोणी लिहिलेलं सॉफ्टवेअर आपल्या हाताने बदललं, चालवलं आणि त्याचा परिणाम पाहिला, असा क्षण खूप जणांना इथे पहिल्यांदा मिळतो. तो मिळावा म्हणून मी हॅलोचा इतका आग्रह धरतो.

बदललेली फाइल कोणती, हे मेकला कसं कळतं?

फाइलींच्या वेळेवरून. हॅलो.सी ही हॅलो.ओपेक्षा नवी असेल तर ती पुन्हा कम्पाइल करायची, नसेल तर सोडून द्यायची. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याने प्रोग्राममधली चूक आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कम्पाइल करायची राहून गेली आणि बिनचुकीच्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात सकाळ वाया गेली. त्यातून ही कल्पना निघाली.

म्हणूनच ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा इशारा आला तर मशीनचं घड्याळ बघा. सेकंडहँड लॅपटॉपमध्ये घड्याळाची छोटी बॅटरी संपलेली असते, तारीख काही वर्षं मागे जाते आणि मेकचा सगळा हिशेब चुकतो. तारीख नीट करून मेक क्लीन द्या (त्याने बनलेल्या फाइली पुसल्या जातात), मग पुन्हा मेक.

भलामोठा एरर येतो. वाचायचं तरी काय?

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा.

शेवटची ओळ एरर नसते. ‘मेक: ***’ ने सुरू होणारी आणि ‘एरर १’ किंवा ‘एरर २’ने संपणारी ओळ म्हणजे मेकने दिलेली फक्त बातमी असते: मी चालवलेली कमांड फसली. का फसली ते वर लिहिलेलं असतं. स्क्रीन वर सरकवत न्या आणि ‘एरर:’ हा शब्द सगळ्यात पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. त्याखालचे पन्नास एरर बहुतेक वेळा त्या एकातूनच निघालेले असतात. एक हेडर सापडली नाही, म्हणून त्यातले प्रकार माहीत नाहीत, म्हणून पुढची प्रत्येक ओळ चुकीची दिसते. पहिला सोडवला की उरलेले आपोआप जातात.

पहिल्या एररच्या ओळीत फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि तक्रार असते. तक्रार शब्दशः वाचा. इंग्रजी अवघड वाटत असेल तर शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवा. ताईंनी त्यांच्या मुलांना ही सवय लावली आहे आणि त्या मुलांची प्रगती सगळ्यात वेगात होते.

मेक -जे४ असं समांतर चालवलं असेल तर चार कामांचे संदेश एकमेकांत मिसळतात आणि पहिला एरर मधेच हरवतो. तेव्हा नुसतं मेक पुन्हा द्या. झालेलं काम तसंच राहतं, फसलेली फाइल एकटी कम्पाइल होते आणि तिचाच संदेश शेवटी स्वच्छ दिसतो.

नेहमी भेटणारे काही सांगतो. ‘झेडलिब.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे हेडर नाही, पुढचा प्रश्न बघा. ‘एरर १२७’ म्हणजे मेकने मागितलेली कमांडच तुमच्याकडे नाही, वरच्या ओळीत ‘नॉट फाउंड’च्या आधी तिचं नाव असेल. ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणजे मेकफाइलमध्ये टॅबच्या जागी स्पेस पडल्या आहेत. मेकफाइल कुठून तरी कॉपी-पेस्ट केली की हे हमखास होतं.

‘वॉर्निंग’ असेल तर बिल्ड थांबत नाही. शेकडो वॉर्निंग येऊनही प्रोग्राम व्यवस्थित तयार होऊ शकतो, घाबरू नका. काही प्रकल्प मात्र वॉर्निंगलाच एरर मानायला सांगतात. तिथे कॉन्फिगरला ती अट बंद करायचा पर्याय आहे का ते बघा.

‘हेडर नाही’ म्हणतो, पण ती लायब्ररी माझ्याकडे आहे! आप्टही ‘आधीच आहे’ म्हणतं.

लायब्ररीचे उबुंटूत दोन भाग असतात. चालवण्यासाठी लागणारा भाग तुमच्याकडे आहे. तिच्या आधारे नवं काही बनवण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, त्याचं नाव ‘-डेव्ह’ने संपतं. झेडलिबसाठी झेडलिब१जी-डेव्ह, ओपनएसएसएलसाठी लिबएसएसएल-डेव्ह, एनकर्सेससाठी लिबएनकर्सेस-डेव्ह. फेडोरावर याच पॅकेजांच्या शेवटी ‘-डेव्हेल’ असतं.

कोणती हेडर कोणत्या पॅकेजमध्ये आहे हे ओळखायला आप्ट-फाइल नावाचं साधन आहे. ते इन्स्टॉल करा, सुडो आप्ट-फाइल अपडेट द्या, मग आप्ट-फाइल सर्च आणि पुढे हेडरचं नाव. अंदाजाने दहा पॅकेज टाकत बसण्यापेक्षा हे बरं.

आणखी एक सोपी वाट. हवं असलेलं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीत का होईना उबुंटूत असेल, तर सुडो आप्ट बिल्ड-डेप आणि त्याचं नाव. त्या आवृत्तीला लागणारं सगळं एकदम येतं. यासाठी सॉफ्टवेअर सोर्सेसच्या सेटिंगमध्ये सोर्सकोडचा पर्याय सुरू असावा लागतो.

गिटवरून घेतलं, तर त्यात कॉन्फिगर फाइलच नाही.

कॉन्फिगर ही हाताने लिहिलेली फाइल नसते, ती कॉन्फिगर.एसी या छोट्या फाइलीवरून तयार होते. टारबॉलमध्ये ती तयार मिळते, गिटमध्ये बहुधा ठेवत नाहीत. ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल इन्स्टॉल करून ऑटोरीकॉन्फ -आय चालवा. फोल्डरमध्ये ऑटोजेन.एसएच असेल तर आधी ते चालवा.

आणि त्या प्रकल्पात कॉन्फिगर मुळात नसेलच, असंही होऊ शकतं. सीमेकलिस्ट्स.टीएक्सटी दिसली तर तो सीमेकचा प्रकल्प आहे: सीमेक -बी बिल्ड, मग सीमेक --बिल्ड बिल्ड (पहिल्या कमांडमधला ‘बी’ मोठा). मेसन.बिल्ड दिसली तर मेसन सेटअप बिल्ड, आणि मग निन्जा -सी बिल्ड (हा ‘सी’ मोठा). फोल्डरमध्ये काय आहे ते आधी बघायचं, मग कमांड द्यायची.

जुना प्रोग्राम आमच्या सरांच्या मशीनवर कम्पाइल होतो, माझ्या नव्या उबुंटूवर होत नाही.

कंपायलर कडक झाला आहे. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून, न सांगितलेलं फंक्शन वापरणं आणि पॉइंटर-इंटिजरची सरमिसळ अशा गोष्टी वॉर्निंगच्या जागी थेट एरर झाल्या. त्याआधी २०२० च्या जीसीसी १० ने, एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत जाहीर करायची जुनी सवलत बंद केली, तिथे ‘मल्टिपल डेफिनिशन’ दिसतं. आधी त्या प्रकल्पाची नवी आवृत्ती आहे का ते बघा. नसेल तर कॉन्फिगरच्या वेळी सीफ्लॅग्ज (मोठ्या अक्षरांत) मध्ये पहिल्या अडचणीसाठी -एफपर्मिसिव्ह आणि दुसरीसाठी -एफकॉमन देऊन तात्पुरतं निभावता येतं. कोड थोडा असेल तर दुरुस्तच करा. सरांचं जुनं काम नव्या मशीनवर चालू करून देणं हे चांगलं काम आहे.

मेक इन्स्टॉलला सुडो लावायचं का?

फक्त तिथेच, आणि तेही गरज असेल तर. कॉन्फिगर आणि मेक यांना सुडो कधीच लावू नका. कुठल्यातरी अनोळखी मेकफाइलला आख्ख्या मशीनचे अधिकार देण्याचं कारण नाही. शिवाय फाइली रूटच्या (मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या) नावावर तयार होतात आणि पुढे स्वतःच्याच फोल्डरमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येत राहतं.

प्रीफिक्स दिला नाही तर सगळं /यूएसआर/लोकलमध्ये जातं आणि तिथे सुडो लागतं. आम्ही सगळ्यांना होममधला .लोकल वापरायला सांगतो. उबुंटूची .प्रोफाइल फाइल त्यातला बिन फोल्डर पाथमध्ये (प्रोग्राम जिथे जिथे शोधायचे त्या यादीत) आपोआप घेते, मात्र तो फोल्डर नव्याने तयार झाला असेल तर एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं. कॉलेजच्या लॅबमध्ये सुडोचा पासवर्ड नसतो, तिथेही ही रीत चालते.

/यूएसआरमध्ये मात्र हाताने काही टाकू नका. ती जागा आप्टची आहे.

इन्स्टॉल झालं, पण जुनीच आवृत्ती चालते.

टाइप -ए आणि प्रोग्रामचं नाव द्या. त्या नावाचे जितके प्रोग्राम सापडतात, ते क्रमाने दिसतील. पहिला चालतो. तुमचा पहिला असूनही जुनाच चालत असेल तर हॅश -आर द्या, शेलने जुनी जागा लक्षात ठेवलेली असते.

‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’?

बिल्ड बरोबर झाला आहे, चालवताना लायब्ररी सापडत नाहीये. ती /यूएसआर/लोकलमध्ये गेली असेल तर सुडो एलडीकॉन्फिग एकदा चालवा. होममध्ये असेल तर एलडी_लायब्ररी_पाथ (मोठ्या अक्षरांत) मध्ये तिचा फोल्डर सांगा.

नको असेल तर काढायचं कसं?

मेक अनइन्स्टॉल, पण ते प्रत्येक प्रकल्पात नसतं आणि त्यासाठी तोच सोर्स फोल्डर जपून ठेवावा लागतो. सीमेक बिल्ड फोल्डरमध्ये इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी ठेवतं, त्यात टाकलेल्या प्रत्येक फाइलची नोंद असते. मला सगळ्यात आवडलेली रीत म्हणजे प्रयोगाच्या गोष्टींना स्वतंत्र प्रीफिक्स द्यायचा, जसं $होम/प्रयोग/हॅलो. नको झालं की तो एक फोल्डर उडवायचा.

माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे. बिल्ड मधेच ‘किल्ड’ म्हणून थांबतो.

मेमरी संपली आणि कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) कंपायलरला मारलं. संदेशात बहुधा सीसी१प्लस हे नाव असतं, कारण सी++च्या मोठ्या फाइली फार मेमरी खातात. मेक -जे४ ऐवजी -जे२ द्या, तरीही झालं तर -जे१. आकडा न देता नुसतं -जे कधीही देऊ नका, त्याला मर्यादाच नसते आणि मशीन गोठतं. ब्राउझर बंद करा. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवली तर बिल्ड हळू होईल पण पूर्ण होईल.

एप्रिल-मेच्या दुपारी लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. मोठा बिल्ड रात्री लावा, आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

डेटा पॅक संपतो हो! डाउनलोड कमी कसं करू?

गिट क्लोनला --डेप्थ १ लावा. प्रकल्पाचा सगळा इतिहास न येता आजची प्रत तेवढी येते. जुन्या प्रकल्पांत हा फरक फार मोठा असतो.

लोकलमध्ये बसून उतरवत असाल तर टारबॉल घ्या. गाडी बोगद्यात शिरली आणि नेटवर्क गेलं तर गिट क्लोन अर्ध्यावरून पुढे सुरू होत नाही, पहिल्यापासून करावा लागतो. टारबॉल डब्ल्यूगेट -सी ने जिथे थांबला तिथून पुढे येतो.

मित्राने पेनड्राइव्हवर सोर्स दिला. कॉन्फिगर ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो.

पेनड्राइव्हवर फॅट प्रकारची फाइल सिस्टीम असते, तिथे लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) टिकत नाहीत. टारबॉल जसाच्या तसा आणा आणि होममध्ये आणून मग उघडा. फोल्डरच्या नावात स्पेसही नको, कित्येक मेकफाइली तिथे अडखळतात.

विंडोजवर जमेल का? मॅकवर? मोबाइलवर?

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घ्या: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडून डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल. त्यात उबुंटू येतं आणि वर लिहिलेलं सगळं लागू होतं. सोर्स मात्र लिनक्सच्या होममध्ये ठेवा. /एमएनटी/सीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवलात तर सगळं फार रेंगाळतं. मॅकवर एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल दिलं की कंपायलर येतो, तो जीसीसी नसून क्लँग असतो. अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप आहे, त्यात पीकेजी इन्स्टॉल क्लँग मेक. लॅपटॉप नसलेल्या मुलांनी टर्मक्सवर हॅलो बनवलेलं मी पाहिलं आहे, तेव्हा साधन नाही म्हणून थांबू नका.

अनोळखी कोड चालवणं सुरक्षित आहे का?

हा प्रश्न विचारणारा माणूस योग्य वाटेवर आहे.

सोर्स उघडा असला म्हणजे तो निर्धोक असतोच असं नाही. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण सगळ्यांनी समजून घ्यावं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असलेली लायब्ररी. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा घातला होता, आणि त्याचं काम एसएसएचमधून (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) घुसण्याची वाट करून देणं हे होतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला जवळपास अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने ते सोडून न देता मुळापर्यंत शोधलं आणि २९ मार्चला जाहीर केलं. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की चोरदरवाजा जागा करणारी एक ओळ फक्त टारबॉलमधल्या बिल्डच्या फाइलीत होती, गिटमध्ये नव्हती. म्हणजे बिल्डची स्क्रिप्ट हासुद्धा कोडच आहे, आणि तोही कोणीतरी वाचायला हवा.

नवख्याने काय करावं? प्रकल्पाच्या मूळ जागेवरूनच घ्या, कोणाच्या तरी ड्राइव्हच्या लिंकवरून नको. एसएचए२५६सम चालवून आकडा जुळवा. जीपीजी सही (लेखकाची डिजिटल सही) दिली असेल तर ती तपासायला शिका. आकडा जुळला याचा अर्थ फाइल वाटेत बदललेली नाही एवढाच, कारण फाइल आणि आकडा एकाच ठिकाणाहून आले असतील तर बदलणारा दोन्ही बदलू शकतो. सही त्याच्या पुढची पायरी आहे. आणि ‘कर्ल करून सुडो बॅशला द्या’, म्हणजे स्क्रिप्ट उतरवून न बघता पूर्ण अधिकाराने चालवा, असं सांगणाऱ्या सूचना दिसल्या तर स्क्रिप्ट आधी उतरवून वाचा, मग ठरवा.

हे कायदेशीर आहे ना?

परवाना बघा, फोल्डरमध्ये कॉपिंग किंवा लायसन्स नावाची फाइल असते. जीपीएलसारखे मुक्त परवाने बनवायला, वापरायला आणि बदलायला पूर्ण मुभा देतात. जीपीएलचं बदललेलं सॉफ्टवेअर तुम्ही दुसऱ्याला दिलंत, तर त्याला सोर्सही मिळायला हवा.

हॅलो झालं. पुढे काय बनवू?

हार्फबझ. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने निदान एकदा बनवून बघावी अशी ही लायब्ररी आहे. ‘क्ष’ संगणकात तीन चिन्हांनी साठवलेला असतो: क, हलन्त आणि ष. त्यांचं एक जोडाक्षर करून योग्य आकृती निवडण्याचं काम फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिसमध्ये हार्फबझ करते. हे पान तुम्ही वाचताय, त्यातही बहुधा तिचाच हात आहे.

ती मेसनने बनते. लागतील: मेसन, लिबफ्रीटाइप-डेव्ह, लिबजीलिब२.०-डेव्ह, लिबकैरो२-डेव्ह. मेसन सेटअप बिल्ड दिल्यावर शेवटी येणारा सारांश लक्ष देऊन वाचा. जीलिब सापडलं नाही तरी एरर येत नाही, एचबी-शेप हे साधन गुपचूप वगळलं जातं आणि बिल्ड ‘यशस्वी’ होतो. मग लोक ‘झालं तर होतं, पण एचबी-शेप कुठे गेलं?’ म्हणून विचारतात. ‘असेल तर घे, नसेल तर सोड’ अशा सोयी पुष्कळ प्रकल्पांत असतात.

बिल्ड झाला की फॉन्ट्स-लोहित-देवा हे पॅकेज घ्या आणि बिल्डच्या युटिल फोल्डरमधल्या एचबी-शेपला लोहित देवनागरीची फाइल आणि ‘क्ष’ द्या. आत तीन चिन्हं जातात, बाहेर एक आकृती येते. मग ‘र्‍या’ द्या, ‘त्र’ द्या, स्वतःचं नाव द्या. ऱ्हस्व वेलांटी टाइप केल्यावर व्यंजनाच्या आधी जाऊन कशी बसते तेही त्यात दिसतं. इथून कोणाला कोड वाचायची ओढ लागली, तर देवनागरीचे नियम ज्या फाइलींत आहेत त्यांच्या नावातच ‘इंडिक’ आहे.

लिनक्स कर्नल कम्पाइल करू का?

करा, पण यानंतर. तीन कोटींहून जास्त ओळींचा तो कोड आहे आणि पर्याय हजारोंनी आहेत. जुना कर्नल बूट मेन्यूत ठेवूनच करा.

तुम्हाला व्हॉट्सॲपवर विचारलं तर चालेल का?

जरूर विचारा. फक्त स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका, त्यात नेमका पहिला एरर कापला गेलेला असतो. मेक २>&१ | टी बिल्ड.लॉग असं चालवा आणि ती लॉग फाइल पाठवा. कॉन्फिगर फसला असेल तर कॉन्फिग.लॉग पाठवा. सोबत उबुंटूची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि दिलेली कमांड जशीच्या तशी. प्रकल्पाच्या लेखकांना विचारतानाही हेच द्या, ते स्वतःचा वेळ खर्चून उत्तर देत असतात.

बिल्ड चालू असताना वीज गेली तर सगळं वाया जातं का?

नाही. पुन्हा मेक द्या, झालेल्या फाइली सोडून पुढचं सुरू होतं. नेमकी तेव्हा लिहिली जात असलेली एखादी .ओ फाइल अर्धवट किंवा रिकामी राहू शकते, आणि तिची वेळ नवी असल्यामुळे मेकला ती पूर्ण वाटते. लिंकरने ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड’ म्हटलं तर त्या फाइलचं नाव बघून ती एकच काढा आणि मेक द्या. नाव कळत नसेल तर मेक क्लीन.